स्वतःचं पुस्तक स्वतः काढताय? आयएसबीएन, कॉपीराइट, शासनमान्य यादी: कोणता अर्ज कधी आणि कुठे

पुस्तक लिहून झालं की पहिला प्रश्न येतो आता पुढे काय, आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी पॅकेज घेऊन समोर येतं, आयएसबीएन अमुक हजार, कॉपीराइट अमुक हजार, सगळं मिळून एवढे. म्हणून सुरुवातीलाच सांगते, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक, आणि तो भारतात फुकट मिळतो. एक रुपयासुद्धा फी नाही. कॉपीराइटची सरकारी फी साहित्यकृतीसाठी 500 रुपये आहे. बाकी जे पैसे मागतात ते फॉर्म भरून द्यायचे मागतात आणि तो फॉर्म तुम्ही घरी बसून भरू शकता.

पण एक गोष्ट त्याहून महत्त्वाची, ती म्हणजे क्रम. कुठला अर्ज आधी आणि कुठला नंतर हे चुकलं की काही दारं कायमची बंद होतात, त्यामुळे त्याच क्रमाने लिहिते.

छापायच्या आधी: हे तुमचं पहिलंच पुस्तक आहे का?

असेल तर थांबा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ज्यांचं आजवर एकही पुस्तक आलेलं नाही त्यांच्यासाठी. कविता, कथा, कादंबरी, नाटक, ललित अशा प्रकारातलं हस्तलिखित मंडळाकडे द्यायचं, तिथे तज्ज्ञांकडून ते वाचलं जातं आणि निवड झाली तर प्रकाशनासाठी अनुदान मिळतं. मंडळाचं ऑफिस मुंबईत प्रभादेवीला, रवींद्र नाट्यमंदिराच्या इमारतीत. अर्ज वर्षभर घेत नाहीत, मंडळ जाहिरात काढतं तेव्हाच घेतात, आणि त्या वर्षीचा फॉर्म आणि पानांची मर्यादा त्या जाहिरातीतच असते, त्यामुळे जुन्या फॉर्मवर भरवसा ठेवू नका. आता बघा, घाईघाईत शंभर प्रती स्वतः छापून घेतल्या की तुमचं पहिलं पुस्तक होऊन गेलं, मग या योजनेत बसताच येत नाही. कितीतरी चांगल्या कवींचं असं झालेलं आहे, वाईट वाटतं. थांबायची तयारी असेल तर आधी इथे प्रयत्न करा.

आयएसबीएन

हा तेरा आकडी नंबर देणारी संस्था म्हणजे राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली, दिल्लीत. अर्ज फक्त ऑनलाइन.

कोण करू शकतं? भारतात राहणारा कोणीही, प्रकाशक असायलाच पाहिजे असं नाही, लेखक म्हणून स्वतःच्या नावाने करता येतो. संस्था, कॉलेज, ट्रस्ट यांच्यासाठी वेगळा प्रकार निवडायचा. परदेशात राहणारे मराठी लेखक बरेचदा विचारतात, तर जिथे प्रकाशक बसलाय त्या देशाची एजन्सी नंबर देते, म्हणजे अमेरिकेत राहून तिथूनच प्रकाशित करणार असाल तर तिथे बाऊकर नावाची कंपनी आहे आणि ती पैसे घेते. भारतातल्या प्रकाशकाकडून पुस्तक येत असेल तर तुम्ही कुठेही राहा, नंबर भारतातलाच लागणार.

कागदपत्रं फार नाहीत. स्वतःच्या नावाने अर्ज असेल तर आधार किंवा पॅनसारखं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, सही केलेलं विनंतीपत्र, आणि पुस्तकाच्या शीर्षकपानाची व मुखपृष्ठाची तयार प्रत. प्रकाशन संस्थेच्या नावाने असेल तर संस्थेच्या नोंदणीचा कागद जोडावा लागतो. स्कॅन स्वच्छ काढा, मोबाइलने तिरका काढलेला फोटो, कोपरा कापलेला, असल्या गोष्टींवरच अर्ज परत येतात. आणि ओळखपत्रावरचं नाव, अर्जातलं नाव आणि शीर्षकपानावरचं नाव जुळलं पाहिजे, टोपणनावाने लिहीत असाल तर विनंतीपत्रात तसं स्पष्ट लिहा.

आधी खातं उघडायचं, ते मंजूर झालं की मग पुस्तकासाठी वेगळा अर्ज, त्यात शीर्षक, भाषा, पानं, किंमत, प्रकाशनाची अंदाजे तारीख. नंबर यायला वेळ लागतो, कधी काही दिवस कधी काही आठवडे, म्हणून प्रकाशन समारंभाचा हॉल बुक करून मग अर्ज करू नका, उलटं करा.

काही नियम लक्षात ठेवा. पेपरबॅक, हार्डबाउंड, ई-बुक प्रत्येकाला वेगळा नंबर. मजकुरात भर घालून सुधारित आवृत्ती काढली तर नवा नंबर, पण जसंच्या तसं पुनर्मुद्रण असेल तर जुनाच चालतो. दिवाळी अंक, मासिकं, डायऱ्या, कॅलेंडर यांना आयएसबीएन मिळत नाही, नियतकालिकांसाठी आयएसएसएन हा वेगळा नंबर असतो. आणि किंडलवर फक्त ई-बुक टाकणार असाल तर आयएसबीएन नसला तरी चालतं.

भारतातला नंबर 978-81 किंवा 978-93 ने सुरू होतो. त्यापुढचे आकडे प्रकाशकाची ओळख, मग त्या पुस्तकाची, आणि सगळ्यात शेवटचा आकडा तपासणीचा. हा तपासणीचा आकडा फार कामाचा आहे, कारण डीटीपीमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवताना, नंबर टाइप करताना आकडा इकडचा तिकडे होतो आणि पुस्तक छापून आल्यावर कळतं. पहिले बारा आकडे घ्या, आळीपाळीने 1 आणि 3 ने गुणा (पहिला गुणिले 1, दुसरा गुणिले 3, तिसरा गुणिले 1 असं), सगळी बेरीज करा, ती बेरीज पुढच्या दहाच्या पटीला न्यायला जेवढे लागतात तो शेवटचा आकडा आला पाहिजे. समजा बेरीज 113 आली तर शेवटी 7 हवा, बेरीज थेट 120 आली तर 0. दोन मिनिटांचं काम आहे, प्रिंटरकडे फाइल पाठवायच्या आधी कराच.

आता ज्यासाठी मी एवढं लिहितेय ते. पॅकेजवाल्याने त्याच्या खात्यातला नंबर तुमच्या पुस्तकाला लावला तर नोंदीत प्रकाशक म्हणून तो लागतो, तुम्ही नाही. कॉपीराइट त्याने जात नाही, घाबरू नका, पण उद्या दुसऱ्या ठिकाणहून पुस्तक काढायचं म्हटलं की तो नंबर तुमच्याबरोबर येत नाही. स्वतः पैसे घालून पुस्तक काढत असाल तर नंबरही स्वतःच्याच नावावर घ्या.

कॉपीराइट

लिहिलं त्या क्षणी तुमचा हक्क तयार झाला, 1957 च्या कायद्याने, नोंदणी करा वा नका करू. तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. नोंदणी ऐच्छिक आहे पण वाद कोर्टात गेला तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. फॉर्म 14, फी 500, सोबत पुस्तकाच्या किंवा हस्तलिखिताच्या प्रती, आणि पुस्तक दुसऱ्या प्रकाशकाने काढलं असेल तर त्याचं ना-हरकत पत्र. अर्ज केला की डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा नोंद क्रमांक, मिळतो, त्यानंतर 30 दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं, मग छाननी, एकूण काही महिने धरून चाला.

प्रकाशकाबरोबर करार करणाऱ्यांनी याच कायद्याचं कलम 19 जरूर बघावं. हक्क दिले ते लेखीच पाहिजेत. करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण "कायमस्वरूपी, सर्व माध्यमांसाठी" असं लिहिलेल्या कागदावर सही केलीत तर हे संरक्षण उरत नाही, म्हणून ऑडिओ, ई-बुक, अनुवाद, सिनेमा यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. मुखपृष्ठ कोणी करून दिलं असेल तर त्या चित्रकाराकडूनही लेखी संमती, मित्र असला तरी.

छापून आल्यावर: 30 दिवसांत चार प्रती

हे बहुतेक लेखकांना माहीतच नसतं. 1954 च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने, म्हणजे तुम्ही स्वतः काढलं असेल तर तुम्ही, प्रकाशनापासून 30 दिवसांच्या आत स्वखर्चाने चार ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमरा ग्रंथालय, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. राष्ट्रीय ग्रंथालयाला छापलेल्यातली चांगल्यात चांगली प्रत द्यायची असं कायदाच म्हणतो. दंड जेमतेम 50 रुपये आणि पुस्तकाची किंमत, त्यामुळे कोणी मनावर घेत नाही. पण माझं ऐका, पाठवा. पन्नास वर्षांनी तुमची दुकानातली प्रत कुठेही नसेल तेव्हा कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या अलीपूरमधल्या इमारतीत ती सापडू शकते, गावाकडच्या एखाद्या माणसाने लिहिलेला आपल्या तालुक्याचा इतिहास असाच टिकतो. ग्रंथालयाकडून आलेली पोच फाइलला लावून ठेवा.

विक्रीच्या दृष्टीने महत्त्वाचं: शासनमान्य यादी

फेसबुकवर पोस्ट टाकून ओळखीचे लोक घेतात आणि तिथेच विक्री थांबते. महाराष्ट्रात दहा हजारांवर अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं आहेत आणि खरेदी करताना ती शासनमान्य ग्रंथांची यादी बघतात. या यादीसाठी ग्रंथालय संचालनालय दरवर्षी आवाहन करतं, मागच्या कॅलेंडर वर्षात, म्हणजे 1 जानेवारी ते 31 डिसेंबरमध्ये, आलेल्या पुस्तकांची एक प्रत विनामूल्य मागवतात आणि ग्रंथ निवड समिती निवड करते. स्वतः प्रकाशित करणारा लेखकही पाठवू शकतो. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या ऑफिसात एकदा प्रत्यक्ष जाऊन या, मुदत कधी आहे ते तिथे कळतं, आणि जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात स्टॉल कसा मिळेल तेही तिथेच विचारा.

पुस्तकात श्रेयाचं पान नीट नसेल तर पुढे सगळीकडेच अडतं. त्यावर हे हवं: प्रकाशकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, मुद्रकाचं नाव, पहिली आवृत्ती आणि तिची तारीख महिन्यासकट, कॉपीराइट कोणाचा, मुखपृष्ठ कोणाचं, आयएसबीएन, मूल्य. तारखेवर विशेष लक्ष द्या. पुस्तक डिसेंबरच्या शेवटी छापून आलं तर त्यावर डिसेंबरच लागतो आणि ते त्याच वर्षात मोजलं जातं, मग जानेवारीत अर्ज निघाले की प्रती तयार असायला हव्यात. ज्यांची तयारी नाही त्यांनी सरळ जानेवारीतच छापावं, वर्षभर हाताशी राहतं.

हीच कॅलेंडर वर्षाची अट स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांना आहे. त्यात प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग असतो, कवितेसाठी बहिणाबाई चौधरींच्या नावाचा, म्हणजे नव्या माणसाला नावाजलेल्यांशी स्पर्धा करावी लागत नाही. प्रवेशिका साहित्य आणि संस्कृती मंडळाकडेच जातात.

पोस्टाने विक्री

वाचकाला थेट पाठवायचं तर छापील पुस्तकावर जीएसटी नाही, खरा खर्च टपालाचा. रजिस्टर्ड बुक पोस्ट, म्हणजे पुस्तकांसाठीची स्वस्त टपाल सेवा, डिसेंबर 2024 मध्ये बंद झालं तेव्हा छोट्या प्रकाशकांचे फार हाल झाले. मग 1 मे 2025 पासून पोस्टाने ज्ञान पोस्ट सुरू केलं, तेव्हाचे दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोला 100 रुपये, कर वेगळा, आणि पाकीट ट्रॅक होतं. अट अशी की पुस्तक शैक्षणिक, साहित्यिक, धार्मिक अशा प्रकारचं हवं, आत जाहिराती नकोत, आणि त्यावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. पार्सल जमिनीवरून जातं म्हणून पोचायला वेळ लागतो, ऑर्डर घेतानाच वाचकाला तसं सांगा. साध्या पेपरबॅकचं वजन बरेचदा 300 च्या आसपास येतं, त्यामुळे कागद ठरवताना प्रेसमध्ये डमी प्रत करून घ्या आणि पाकिटासकट काट्यावर ठेवून बघा.