नळीतला थेंब

गेल्या आषाढात एका सकाळी वहिनीचा फोन आला. “ताई, आईंचं कानाचं मशीन बंद पडलंय. सेल नवा घातला, तरी आवाज नाही.” मागून आईचा आवाज येत होता, “सांग तिला, पैसे पाण्यात गेले म्हणून.” दापोली तालुक्यातलं आमचं गाव समुद्राला लागून, त्यात आठ दिवसांची झड. मशीन दुरुस्तीला पुण्यात पाठवायचं तर कुरिअरसुद्धा बंद. मी वहिनीला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि मशीन खिडकीच्या उजेडात धरायला लावलं. कानामागे बसणाऱ्या मशीनपासून कानात बसणाऱ्या, कानाच्याच मापाच्या साच्यापर्यंत एक पारदर्शक नळी जाते. तिच्या वळणावर मोहरीएवढा पाण्याचा थेंब अडकून बसला होता.

वहिनीनं नळीसकट साचा मशीनपासून ओढून सोडवला आणि रबरी फुग्यानं नळीत दोनदा हवा मारली. थेंब उडाला. सगळं परत जोडून आईच्या कानात घातलं, तेव्हा आईचे पहिले शब्द होते, “अगो बाई, पाऊस लागलाय की!”

त्या नळीचं आतलं माप जेमतेम 2 मिलिमीटर. कानाच्या पोकळीतली हवा शरीराइतकी उबदार आणि दमट असते. ती नळीत शिरते, नळीच्या गार भिंतीला लागते आणि तिथे पाणी सुटतं, आमटीच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून सुटतं तसं. एवढ्या बारीक नळीत थेंब ओघळून जात नाही. तो चारही बाजूंनी भिंतीला धरून राहतो आणि बुचासारखा बसतो. मशीन आत व्यवस्थित आवाज काढत असतं, पण हवेतली कंपनं थेंबापाशी येऊन थांबतात.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि आईच्या निमित्तानं गेली काही वर्षं या यंत्रांच्या मागे लागले आहे. आमच्या नात्यातच तीन घरं अशी आहेत, जिथे श्रवणयंत्र कपाटातल्या डबीत पडून आहे. तिन्ही मी उघडून पाहिली. एकाच्या भोकात मळ घट्ट बसला होता, दुसऱ्यात सेल फुटून गंज चढला होता, तिसऱ्याला तर काहीच झालं नव्हतं. काकांना ते पहिल्या आठवड्यात नकोसं झालं, एवढंच. यंत्र घेताना ते कसं सांभाळायचं हे कुणीतरी दहा मिनिटं सांगितलेलं असतं, पण ते अशा माणसाला, ज्याला त्या वेळी नीट ऐकूच येत नसतं. म्हणून हे घरातल्या बाकीच्यांना कळायला हवं, असं मला फार वाटतं.

आधी कानाकडे पाहू. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा अडीच वेढ्यांचा एक अवयव असतो. त्यात सुमारे 15,000 रोमपेशी, म्हणजे आवाजाची कंपनं टिपणाऱ्या केसाळ पेशी असतात. पियानोच्या पट्ट्यांसारखी त्यांची कामं वाटलेली: शंखाच्या तोंडापाशी उंच, तीक्ष्ण स्वर आणि आत टोकाशी खर्जातले. वय वाढतं तशा तोंडापाशी असलेल्या पेशी आधी मरतात, आणि माणसाच्या कानात मेलेली रोमपेशी पुन्हा उगवत नाही. म्हणजे आधी जातात ते उंच स्वर.

आता आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे स्वर जड आणि मोठे असतात. त्यांची शक्ती खालच्या पट्टीत. स, श, त, प, क, ठ ही व्यंजनं मात्र हलकी. त्यांची ओळख पटते ती वरच्या पट्टीतल्या क्षणभराच्या फुसफुशीनं किंवा फटकाऱ्यानं. ती फुसफूस ऐकू आली नाही की ताट, पाट आणि काठ एकसारखेच वाटतात. आई फोनवर “सात वाजता” हे “साठ वाजता” असं ऐकायची आणि वैतागायची. माणूस बोलतोय हे तिला ऐकू येत होतं, काय बोलतोय ते कळत नव्हतं. “तिला हवं तेवढं बरोबर ऐकू येतं” असं जे घराघरात म्हटलं जातं, ते फार अन्यायाचं आहे. ढोलकी आणि दाराची धडधड ऐकू येते, कारण ते खालच्या पट्टीतले आवाज.

दुसराही एक अन्याय होतो. आजोबा म्हणतात, “मोठ्यानं बोल.” नातू मोठ्यानं बोलतो, तर आजोबा चिडतात, “ओरडतोस कशाला?” नातवाला वाटतं, स्वभावच असा. याचं कारणही रोमपेशींतच आहे. त्यांतल्या बाहेरच्या रांगांचं काम असतं बारीक आवाज वाढवून आतल्या रांगेला देणं. त्या रांगा गेल्या की बारीक आवाज पोचत नाही. मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो. ऐकू न येणं आणि सहन न होणं यांच्यातलं अंतर अरुंद होतं. अशा कानाशी ओरडून बोलण्याचा उपयोग नाही. समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोलावं.

आईचं पहिलं मशीन आम्ही एका दुकानातून तपासणी न करताच आणलं होतं. चूक आमचीही होती. ते सगळेच आवाज सारखे वाढवायचं, आणि कुकरची शिट्टी झाली की आई दोन्ही हात कानांवर ठेवायची. आताचं डिजिटल यंत्र बारीक आवाज जास्त वाढवतं, मोठे आवाज जवळपास तसेच सोडतं, आणि कोणत्या पट्टीत किती वाढवायचं ते कानाच्या आलेखावरून, म्हणजे कोणत्या पट्टीत किती ऐकू येतं याच्या नोंदीवरून ठरवतं. हा आलेख बंद, शांत खोलीत तज्ज्ञानं काढलेला हवा. तो नसेल तर महागडं यंत्रही अंदाजपंचे चालतं. दोन्ही कान सारखे उणे असतील तर यंत्रंही दोन असणं चांगलं, कारण दोन कानांमुळे आवाजाची दिशा कळते आणि गोंगाटात बोलणं वेगळं काढता येतं. आम्हाला खर्चामुळे एकाच कानाचं जमलं.

यंत्र लावल्यावरचा पहिला महिना सगळ्यात नाजूक. काकांचं मशीन याच महिन्यात डबीत गेलं. कित्येक वर्षं मेंदूकडे पंख्याची घरघर, वर्तमानपत्राची सळसळ, स्वतःच्या चपलांचा आवाज पोचलेलाच नसतो. आपला मेंदू असले आवाज एरवी बाजूला सारतो. ती सवय मोडलेली असते. त्यामुळे यंत्र लावताच सगळं घर अंगावर येतं. स्वतःचा आवाजही रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो, कारण साच्यानं कान बंद झालेला असतो. साच्याला बारीक भोक पाडून तज्ज्ञ हा त्रास कमी करू शकतात. बाकीचं काम मेंदूचं, आणि त्याला काही आठवडे लागतात. पहिले काही दिवस शांत घरात तासभर, एका माणसाशी बोलताना. मग दोन तास, मग टीव्ही, मग बाजार. सगळ्यात शेवटी लग्नाचा हॉल. आईनं उलटं केलं असतं तर तिनंही काढून ठेवलं असतं. तिसऱ्या आठवड्यात ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “फोडणी तडतडल्याचं ऐकलं गं.” तिला ते किती वर्षं ऐकू येत नव्हतं, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

आता रोजचं सांभाळणं. मळ हा यंत्राचा सगळ्यात मोठा शत्रू. कानाची आतली त्वचा फार हळू बाहेरच्या दिशेनं सरकत असते आणि मळ आपोआप बाहेर आणत असते. साचा दिवसभर कानात बसला की ही वाट अडते. त्यात कापूस गुंडाळलेली काडी घातली की मळ आणखी आत दाबला जातो. दर काही महिन्यांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून कान पाहून घ्यावेत, घरी टोकरू नयेत. यंत्र सारखं शिट्टी मारत असेल तरी आधी कानात मळ आहे का ते पाहावं. कानात गेलेला आवाज परत बाहेर फुटून मायक्रोफोनमध्ये शिरला की तो पुन्हा वाढतो, पुन्हा फुटतो, आणि शिट्टी सुरू होते. मळाच्या गोळ्यावरून आवाज उलटतो, नाहीतर साचा सैल झालेला असतो. नातीनं गळ्यात हात टाकल्यावर क्षणभर शिट्टी वाजली तर त्याची काळजी नको.

आपल्याकडची एक जुनी सवय इथे आडवी येते: कानात तेल घालणं. आईनं जन्मभर घातलं. तेल लागलेला साचा घसरतो, शिट्टी मारतो, आणि तेल यंत्राच्या भोकात गेलं तर ते यंत्र गेलंच. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन कानही बिघडतो. दिवाळीच्या अभ्यंगाला, रोजच्या अंघोळीला, केसांना तेल लावताना, पावडर लावताना यंत्र आधी काढून डबीत ठेवायचं, मग बाकीचं, असा नेम आईनं आता स्वतःच घालून घेतलाय.

वहिनी रात्री साचा कोरड्या मऊ फडक्यानं पुसते. आठवड्यातून एकदा नळीसकट मशीनपासून वेगळा करून कोमट पाण्यात जरासा साबण घालून धुते, नळीत हवा मारते आणि रात्रभर वाळवते. मशीनला पाणी लावायचं नाही, स्पिरिटही नाही. नळी काही महिन्यांत पिवळी पडून कडक होते, ती बदलावी लागते. ज्या यंत्रांत नळीऐवजी बारीक तार असून स्पीकरच कानात बसतो, त्यांना धुणं नाहीच. त्यांच्या टोकाला मळ अडवणारी चिमुकली जाळी असते आणि ती बदलायची असते. यंत्र बंद पडलं असं वाटलं की पहिला संशय या जाळीवर घ्यावा.

कोकणात पावसाळ्यात मीठसुद्धा बरणीत पाझरतं, तिथे हे इलेक्ट्रॉनिक्स रात्रभर उघड्यावर कसं राहणार? घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलचे दाणे ठेवायचे आणि मशीन त्यात निजवायचं. निळे दाणे पाणी शोषून गुलाबी झाले की त्यांचं काम संपलं. निळ्या रंगासाठी त्यात कोबाल्टचा क्षार घातलेला असतो, म्हणून ते स्वयंपाकाच्या तव्यावर तापवू नयेत. वहिनी सरळ नवे घालते. डबीत ठेवण्याआधी सेल बाहेर काढायचा, नाहीतर त्याच्या आतला ओलावाही दाणे शोषून घेतात.

हा सेल मला फार आवडतो. त्यात जस्त असतं आणि दुसरा घटक बाहेरच्या हवेतला प्राणवायू. त्यामुळे एवढ्याशा बटणात इतकी ऊर्जा मावते. पाठीवरच्या स्टिकरखाली बारीक भोकं असतात. स्टिकर काढला की हवा आत जाते आणि सेल जागा होतो. म्हणून स्टिकर काढून एक-दोन मिनिटं थांबावं, मग सेल घालावा. स्टिकर परत चिकटवून सेल वाचवता येत नाही. स्टिकरचा रंग म्हणजे सेलचा आकार: पिवळा 10, तपकिरी 312, केशरी 13, निळा 675. आईचा केशरी, तो आठवडा ते दोन आठवडे चालतो. हा सेल हळूहळू मंदावत नाही, शेवटपर्यंत जवळपास सारखा चालतो आणि मग एकदम जातो, त्यामुळे एक पाकीट पिशवीत असलंच पाहिजे. रात्री सेल काढून त्याचं दार उघडं ठेवलं की वीजही वाचते आणि आतला दमटपणाही निघून जातो. आणि वापरलेला सेल लहान मुलांच्या हाती लागेल असा कधीही टाकू नये. गिळून अन्ननलिकेत अडकला तर आतून भाजल्यासारखी जखम होते. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

चार्जिंगची यंत्रं आता पुष्कळ आली आहेत. थरथरत्या बोटांना इवलासा सेल बदलणं जमत नसेल तर ती खरंच सोयीची. आम्ही मुद्दाम सेलचं घेतलं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. नेमक्या त्याच दिवसांत माणसानं माणसाची हाक ऐकायला हवी होती.

खर्चाचा प्रश्न खरा आहे, पण वाटा आहेत. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला 1983 पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे श्रवण तपासणी होते. केंद्राच्या एडिप योजनेत अल्प उत्पन्नाच्या दिव्यांगांना यंत्र मिळतं, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा समाजकल्याण कार्यालयात चौकशी केली तर कागदपत्रं कळतात.

2023 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या 70 ते 84 वयाच्या 977 जणांवरचा तीन वर्षांचा अभ्यास आला. सगळ्यांचा मिळून विचार केला तर यंत्रामुळे बुद्धीच्या ऱ्हासात फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्यांच्यात तो ऱ्हास 48 टक्क्यांनी कमी होता. यावरून कुणी स्मृतिभ्रंशावरचं औषध म्हणून यंत्र विकू लागला तर विश्वास ठेवू नये. मला यात एवढंच दिसतं की ऐकणं सुटलं की माणसं सुटतात. आई दोन वर्षं भजनी मंडळात गेली नव्हती. “गुडघे दुखतात” म्हणायची. गुडघे आजही दुखतात, पण आता ती जाते.

बाकी घरानं करायचं ते साधं आहे. हाक मारून मग बोलायचं. अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथाई उरते, म्हणून माजघरातून पडवीत ओरडण्यापेक्षा चार पावलं जवळ जायचं. बोलताना टीव्ही बंद. आमच्या घरात उघड्या भिंती आणि फरशीवरून आवाज घुमायचा; भावानं आईच्या खोलीत जाड पडदे लावले, खाली सतरंजी टाकली, तेवढ्यानंही फरक पडला.

येत्या शनिवारी मी गावी निघालेय. पिशवीत केशरी स्टिकरची सहा पाकिटं, दोन नळ्या आणि निळ्या दाण्यांची पुडी आहे. वहिनीनं आणखी एक हवेचा फुगा आणायला सांगितलाय, शेजारच्या काकूंसाठी.