मुक्त सॉफ्टवेअर कंपनी

मुक्त सॉफ्टवेअर कंपनी : ग्राहकाला सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरण्याची, सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) अभ्यासून बदलण्याची, प्रती वाटण्याची आणि सुधारित आवृत्ती पुढे देण्याची मुभा देऊन व्यवसाय करणारी कंपनी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या व्याख्येतील हीच चार स्वातंत्र्ये.

कंपनी स्वतः काय वापरते, यावर हे ठरत नाही. छत्रपती संभाजीनगरातल्या एखाद्या फर्मचे सगळे सर्व्हर लिनक्स या मुक्त प्रणालीवर असतील. पण लातूरच्या आडत्याला ती कोड न देता बिलिंग पॅकेज विकत असेल आणि हमाली-तोलाईचा दर बदलला की पट्टीतल्या दुरुस्तीसाठी त्याला तिच्याच दारात यावे लागत असेल, तर ती या व्याख्येत बसत नाही.

पैसे घेण्याला आडकाठी नाही. स्टॉलमन स्वतः ईमॅक्स या आपल्या मुक्त टेक्स्ट एडिटरची टेप १५० डॉलरना विकत. मात्र घेणारा ती प्रत दुसऱ्याला देऊ शकतो, म्हणून निव्वळ प्रती विकून फार काळ भागत नाही. कमाई सेवेतून होते. १९८९ मध्ये सुरू झालेल्या सिग्नस कंपनीने जीसीसी हा मुक्त कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) नवनव्या प्रोसेसरांवर चालवून देण्याचे काम घेतले. पुढे ती रेड हॅट या लिनक्स कंपनीने घेतली, आणि वार्षिक वर्गणीवर वाढलेली रेड हॅट २०१९ मध्ये आयबीएमने सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली.

मराठवाड्यात हा धंदा वाळूज-चिकलठाण्याच्या लघुउद्योगांपाशी समजतो. सुटे भाग बनवणाऱ्याला जॉबवर्कची चलने, रिजेक्शन आणि जीएसटी एका जागी हवे असते. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे उद्योगाचा सगळा हिशेब सांभाळणारे सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली, म्हणजे प्रतीबरोबर कोडही देण्याच्या अटीवर, मिळते. ते बसवणे, जुना डेटा आणणे, स्टोअरकीपरला मराठीत शिकवणे याचे पैसे स्थानिक फर्म घेते. उद्या ती बंद पडली, तर तोच कोड नांदेडची दुसरी फर्म हाती घेऊ शकते. खरी कसोटी हीच. जाहिरातीतल्या ‘ओपन’ शब्दावर विसंबू नये.

काही कंपन्या गाभा मुक्त ठेवून महत्त्वाची मॉड्यूल कोडबंद विकतात. त्यांना फार तर अर्धमुक्त म्हणता येईल. क्लाउडवर तर ग्राहकाच्या हाती प्रतच येत नाही, त्यामुळे जीपीएलची कोड देण्याची अट लागूच होत नाही. ही फट बुजवण्यासाठी २००७ मध्ये एजीपीएल या परवान्याची तिसरी आवृत्ती आली; तिच्यात बदललेले सॉफ्टवेअर नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही कोड द्यावा लागतो.

कोड साऱ्या जगाला द्यावा लागतो, हा मात्र गैरसमज आहे. जीपीएलनुसार तो प्रत घेणाऱ्याला मिळायला हवा. कारखानदाराने स्वतःपुरता केलेला बदल, त्यात त्याच्या कॉस्टिंगचे सूत्र असले तरी, कोणाला दाखवण्याचे बंधन त्याच्यावर नाही.