फुफ्फुसात पसरलेल्या कॅन्सरचं दुर्बिणीचं ऑपरेशन

आतडं, किडनी, हाड अशा दुसऱ्या ठिकाणचा कॅन्सर रक्तातून फुफ्फुसात गेला की तिथे गाठी होतात. बरगड्यांमधून बारीक छेद घेऊन, कॅमेरा घालून त्या काढायच्या म्हणजे हे ऑपरेशन, डॉक्टर ह्याला व्हॅट्स म्हणतात. आतड्याचा कॅन्सर फुफ्फुसात गेला तरी तो आतड्याचाच राहतो आणि केमोही त्याचीच द्यावी लागते, हे घरच्यांना आधी समजावून सांगायला पाहिजे.

पसरला म्हणजे सगळं संपलं असं दरवेळी नसतं, पण ऑपरेशनही सगळ्यांना चालत नाही. मूळ गाठ आटोक्यात हवी, फुफ्फुसातल्या सगळ्या गाठी निघण्यासारख्या हव्यात आणि उरलेल्या फुफ्फुसावर पेशंटला नीट श्वास घेता आला पाहिजे. 1997 साली 5206 पेशंटची आंतरराष्ट्रीय नोंद छापून आली, त्यात गाठी पूर्ण निघालेल्यांपैकी 36 टक्के पाच वर्षांनी हयात होते. पण हे मुळातच निवडलेले पेशंट, शिवाय बहुतेकांची छाती उघडूनच ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ह्यात श्रेय ऑपरेशनचं किती आणि हळू वाढणाऱ्या आजाराचं किती हा वाद अजून मिटलेला नाही.

मुंबईत अजून एक गोष्ट, सीटीवर दिसलेला ठिपका जुन्या टीबीचाही असू शकतो, म्हणून काढलेली गाठ तपासल्याशिवाय काही नक्की धरू नये. परळचं टाटा हॉस्पिटल 1941 पासून आहे, गावाकडून तिथे येणारे कितीतरी पेशंट दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून उपचार घेतात.

ऑपरेशनच्या वेळी दोन वाटांची नळी घालून एकाच फुफ्फुसाला हवा देतात, दुसरं आक्रसतं, मग स्टेपलरने गाठीसकट छोटा तुकडा कापून, पिशवीत घालून बाहेर काढतात. दुखणं कमी, घरी लवकर सोडतात, पण हाताने फुफ्फुस चाचपता येत नाही, म्हणून सीटीत न दिसलेली बारीक गाठ राहून जाऊ शकते. छेद छोटा म्हणून निर्णय छोटा समजू नका.

नंतर छातीत नळी असते, तिच्या बाटलीत बुडबुडे येत असतील तर फुफ्फुसातून हवा गळतेय. आणि तो तीन बॉलवाला स्पायरोमीटर, बरेच पेशंट त्यात जोर लावून फुंकतात! फुंकायचं नसतं, तोंडाने हवा आत ओढून बॉल वर धरायचे असतात, कितीही कंटाळा आला तरी हे करायलाच हवं.

ऑपरेशन झेपणार नसेल तर नेमकं रेडिएशन किंवा सुईने गाठ जाळणं हे पर्याय असतात. पुढे सीटी ठरल्या वेळी करत राहायचे, कारण नव्या गाठी येऊ शकतात आणि काही जणांचं दुसऱ्यांदाही ऑपरेशन होतं, म्हणूनच पहिल्या वेळी जेवढं फुफ्फुस वाचवता येईल तेवढं वाचवतात.