फिट थांबली, पण हात उचलंना

मिरगी म्हटलं की आपल्याकडं एकच चित्र डोळ्यापुढं येतं, माणूस धाडकन पडलाय, हातपाय झाडायलाय, तोंडाला फेस आलाय आणि कुणीतरी कांदा नाहीतर चप्पल घेऊन पळत येतंय. (कांद्यानं काही होत नाही, बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबते आणि नाव कांद्याचं होतं.) डॉक्टरला मात्र त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे जास्त ऐकायचं असतं, आणि नेमकं तेच घरचे सांगत नाहीत.

समजा एखाद्याचा उजवा अंगठा फडफडायला लागला, मग पंजा, मग कोपर, मग तोंडाची उजवी बाजू ओढली गेली आणि मग पूर्ण अंग. मेंदूच्या डाव्या अंगाला हालचालीचा जो पट्टा असतो त्यात अंगठा, हात, चेहरा यांच्या जागा एकमेकीला लागून असतात, आणि पेशींमधली विजेची गडबड एका जागेवरून शेजारच्या जागेवर सरकत जाते, तशी बाहेर अंगावर फिट सरकताना दिसते. इंग्लंडचे डॉक्टर जॉन ह्यूलिंग्स जॅक्सन यांनी हे एकोणिसाव्या शतकात ताडलं होतं, तेव्हा स्कॅन नव्हता की ईईजी (मेंदूतली वीज मोजायची तपासणी) नव्हता, नुसतं पेशंटकडं नीट बघून.

आता फिट थांबली, माणूस शुद्धीवर आला, पण उजवा हात उचलंना. घरात रडारड, लकवा मारला म्हणून गाडी ठरवून लकव्याच्या औषधाच्या गावाला निघायची तयारी. बऱ्याचदा हा लकवा तात्पुरता असतो, डॉक्टर रॉबर्ट बेंटली टॉड यांनी १८४९ मध्ये याचं वर्णन केलं म्हणून त्याला टॉड्स पॅरालिसिस म्हणतात. फिट जिथून सुरू झाली तो भाग काही वेळ काम करत नाही, आणि काही मिनिटांत, काही तासांत, फार तर दीड-दोन दिवसांत हात परत चालायला लागतो, कधीकधी बोलणंपण असंच जातं आणि येतं. पण खऱ्या लकव्याची सुरुवातसुद्धा फिटनं होऊ शकते बरं का, आणि दोन्हीतला फरक घरात बसून कळत नाही. म्हणून सरळ मोठा दवाखाना गाठायचा, आणि फिट किती वाजता आली ते सांगायचं.

काही फिटमध्ये तर माणूस पडतच नाही. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं, जळका वास येतो जो दुसऱ्या कुणालाच येत नाही, आणि मग तो एकटक बघत ओठ चाटतो, शर्टाच्या गुंड्या चाळवतो, हाक मारली तर ओ देत नाही. अशाला आपल्याकडं बाहेरचं झालंय म्हणतात आणि अंगारा लावतात. ही गडबड कानाच्या आतल्या बाजूला असलेल्या टेम्पोरल भागातली असते, वास आणि आठवणी तिथंच सांभाळल्या जातात. मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरला शंभर प्रश्नांपेक्षा तो कामाला येतो.

काही फिटमध्ये डोळ्यापुढं रंगीत गोळे चमकतात. अर्धशिशीतपण डोळ्यापुढं चमकतं, मग फरक काय? वेळेचा. अर्धशिशीतली नागमोडी रेघ हळूहळू पसरत पाच मिनिटं ते तासभर टिकते, फिटमधले रंगीत गोळे सहसा काही सेकंदांत, फार तर दोन-तीन मिनिटांत संपतात.

आणि डोकेदुखी अन् फिट दोन्ही असतील तर भारतात एक कारण तपासावंच लागतं, डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अळी मेंदूत जाऊन बसणं. यावर ठरलेलं उत्तर येतं, "आम्ही माळकरी हाव, आमच्या घरात अंडंबी शिजत न्हाई." अहो, पण पोटात कृमी असलेल्या माणसाच्या शौचातून त्याची अंडी बाहेर पडतात आणि उघड्यावरच्या घाणीतून, न धुतलेल्या मेथी-कोथिंबिरीतून माळकऱ्याच्या पोटात जातात.

राहिलं मिरगीच्या गोळ्यांचं. फेनिटॉइन जास्त झालं की माणूस चालताना झोकांड्या खातो, व्हॅल्प्रोएटनं हात थरथरतात. हे बघून लोकं आजार वाढला म्हणतात आणि गोळ्याच बंद करतात, किंवा ऊसतोडीला गेल्यावर तिकडं फडावर गोळ्या संपतात त्या संपतातच, वर झोप नाही. अचानक गोळी तुटली की एकामागून एक फिट यायला लागतात, आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली फिट जिवावर बेतू शकते. डोस कमी करायचा असतो तो डॉक्टरनं, हळूहळू.