समान वेतनाचा कायदा नक्की कुणाच्या पगारापर्यंत पोचतो?

अमेरिकेत पुरुषाला एक डॉलर मिळतो तेव्हा स्त्रीला किती सेंट मिळतात, असा एकच आकडा दरवर्षी बातम्यांत झळकतो आणि त्यावरून कायदा फसला की यशस्वी झाला याचे निकाल लागतात. एका सरासरीवर एवढा भरवसा टाकू नये. कुठल्या स्त्रीचा पगार वाढला आणि कुठलीचा तसाच राहिला, हे त्या सरासरीत दिसतच नाही. ते बघायचं तर अंमलबजावणी करताना मोजणी कशी होते हे समजून घ्यायला हवं.

एक काल्पनिक कारखाना घ्या. यंत्रांवर १०० पुरुष: ७५ गोरे, २५ कृष्णवर्णीय. ऑफिसात ५० स्त्रिया, सगळ्या गोऱ्या. स्त्रियांचं प्रमाण एक तृतीयांश, कृष्णवर्णीयांचं एक षष्ठांश. दोन्ही रकान्यांत माणसं आहेत. कृष्णवर्णीय स्त्री मात्र एकही नाही, आणि हे शून्य दोन्हींपैकी एकाही रकान्यात उमटत नाही. लिंग उभं, वंश आडवा असा चार चौकटींचा तक्ता मांडला तरच ते सापडतं.

सेंट लुईसमध्ये जनरल मोटर्सविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी केलेल्या दाव्यात १९७६ साली हेच घडलं. १९६४ पूर्वी कंपनीने कृष्णवर्णीय स्त्रिया घेतल्याच नव्हत्या. पुढे मंदीत सेवाज्येष्ठतेनुसार कपात झाली. शेवटी लागलेले आधी घरी, या नियमाने १९७० नंतर लागलेल्या साऱ्या कृष्णवर्णीय स्त्रिया गेल्या. कोर्ट म्हणालं, कंपनीने १९६४ पूर्वीही स्त्रिया घेतल्या होत्या, म्हणजे लिंगभेद नाही. वंशभेदाची तक्रार दुसऱ्या खटल्याला जोडा. दोन्हींची मिळून एक तक्रार चालणार नाही. त्या आधीच्या स्त्रिया गोऱ्या होत्या, हा मुद्दा मोजणीतून निसटला. १९८० साली एका वेगळ्या खटल्यात पाचव्या सर्किटच्या (म्हणजे संघराज्याच्या पाचव्या न्यायविभागाच्या) अपील कोर्टाने चौथी चौकट, म्हणजे कृष्णवर्णीय स्त्रियांची, मान्य केली.

वर्गाची भिंत कायद्याच्या कलमांतच होती. १९६३ च्या समान वेतन कायद्यातून अधिकारी आणि व्यावसायिक स्त्रिया १९७२ पर्यंत वगळलेल्या होत्या. त्या वर्षी त्यांना दाद मागता येऊ लागली. खालच्या टोकाला मात्र नोकरीतल्या भेदभावाला बंदी घालणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याची अट आडवी येत होती: मालकाकडे किमान २५ कामगार हवेत, १९७२ च्या दुरुस्तीने १५. घरकामाला बाई ठेवणारं कुटुंब त्यात कसं बसणार? या कामात कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्या पगाराला हात लागला तो १९७४ साली, भेदभावबंदीतून नव्हे तर किमान वेतनाच्या दुरुस्तीतून. त्यातही मालकाच्याच घरी राहून काम करणाऱ्यांना ओव्हरटाइम नाकारला गेला.