गोचीड दिसली नाही, मग ताप कुठून आला?

तापाने आजारी कोंबडीची पिसं उलटसुलट करून बघितली, एकही गोचीड नाही, म्हणजे हा गोचिडीचा आजार नाहीच असं लोक छातीठोकपणे सांगतात. अहो, पण दिवसा ती तिथे असते कुठे? गुरांच्या अंगावर टम्म फुगून लटकते ती गोचीड वेगळी. कोंबड्यांना त्रास देणारी आर्गस पर्सिकस चपटी, मऊ पाठीची, दिवसभर खुराड्याच्या फटीत. रात्री बाहेर येते, अर्धा-पाऊण तास रक्त पिते आणि परत फटीत गडप. फक्त तिची सहा पायांची पिल्लं काही दिवस अंगाला चिकटून राहतात, बघायचंच तर पंखाखाली ती बघा.

तिच्यातून येणारा, हा ताप आणणारा जीवाणू म्हणजे बोरेलिया अँसेरिना, 1891 साली साखारोव्ह यांनी कॉकेशसकडच्या पाळीव हंसांच्या रक्तात पाहिलेला. हा माझा लाडका, कारण याच्या पोहायच्या शेपट्या बाहेर नसतातच! त्या आतल्या आणि बाहेरच्या आवरणाच्या मधे गुंडाळलेल्या असतात, टोकाजवळच्या मोटरी त्यांना फिरवतात आणि मग अख्खा जीवाणूच बुचाच्या स्क्रूसारखा गरगरत पुढे घुसतो, घट्ट चिकट द्रवातसुद्धा. गोचिडीच्या पोटात गेला की आतड्याची भिंत ओलांडून लाळग्रंथीत पोचतो, आणि बीजांडकोशातही, म्हणजे तिथून अंड्यात. त्यामुळे एकदाही कुणाला न चावलेलं पिल्लू जन्मतःच जीवाणू घेऊन येऊ शकतं.

कोंबडीला मग सणसणीत ताप, हिरवट पातळ विष्ठा, तुरा काळपट, पाय लुळे. रानीखेत हा कोंबड्यांचा विषाणूचा रोग समजून फसायला होतं. प्लीहा सुजून ठिपकेदार झालेली दिसली तर शंका घ्यावी. रक्त तपासायचं ते ताप चढलेल्या पक्ष्याचं, कारण पुढे अँटिबॉडी तयार झाल्या की त्या जीवाणूंचे गठ्ठे करतात आणि रक्त साफ होतं, मग मरायला टेकलेल्या कोंबडीच्या स्लाइडवर काहीच सापडत नाही आणि रिपोर्ट निगेटिव्ह. वाचलेल्या पक्ष्याची प्रतिकारशक्तीही त्याच सेरोटाइपपुरती, म्हणजे बाहेरची प्रथिनं वेगळी असलेला दुसरा प्रकार आला की पुन्हा पहिल्यापासून.

यावर ‘इम्युनिटी बूस्टर’ थेंब विकणारे आहेतच, त्यांना दुरून नमस्कार. साधं पेनिसिलिन याला लागू पडतं, डोस पशुवैद्यांना विचारून. पण नुसती कोंबडी बरी करून भागत नाही, गोचीड मारायचं औषध फटीफटीत मारायला हवं आणि तेही पुन्हा पुन्हा, खुराडं रिकामं ठेवून तर काहीच होणार नाही, मोठी गोचीड उपाशीपोटी वर्षानुवर्षं काढते.