युक्रेनी पोशाखाची तिकिटं मागवताना

युक्रेनी लोकपोशाख आणि देश सोडून गेलेले युक्रेनी लोक, या विषयावरच्या टपाल तिकिटांना आमच्याकडे चांगली मागणी आहे. मात्र पाकिटं परतही येतात, आणि तक्रार ठरलेली असते: "युक्रेनचं मागवलं, तुम्ही कॅनडाचं पाठवलंत."

त्यात कॅनडाचंही हवंच. आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या गॅलिशिया भागातल्या नेबिलिव गावचे इवान पिलिपिव आणि वासिल एलेन्याक 1891 मध्ये कॅनडात पोहोचले. तिथल्या युक्रेनी वस्तीची सुरुवात त्यांच्यापासून धरतात. शंभर वर्षं झाली तेव्हा, ऑगस्ट 1991 मध्ये, कॅनडाने 40 सेंटची चार तिकिटं काढली. त्यांवरची चित्रं कॅनडाचे चित्रकार विल्यम कुरेलेक यांची, तेही स्थलांतरिताचेच चिरंजीव. त्याच महिन्यात युक्रेनने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि 1 मार्च 1992 ला जी पहिली दोन तिकिटं काढली, त्यांतलं एक याच स्थलांतराचं. म्हणून आम्ही दोन्ही देशांची तिकिटं एका पाकिटात देतो. वेगळी विकून आम्हाला जास्त मिळतील, पण संग्रहाच्या पानावर ती शेजारी शेजारीच शोभतात.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो कापलेल्या फोटोंमुळे. "हे कुठलं?" म्हणून फक्त चित्राचा फोटो येतो, देशाचं नाव, किंमत आणि दातेरी कड नेमकी गाळलेली. भरतकामाचा सदरा आणि डोक्यावर फुलांचं कडं सोविएत तिकिटावरही सापडेल. त्यावर इंग्रजी सी-सी-सी-पी सारखी दिसणारी अक्षरं असतात, ते सोविएत संघाच्या नावाचं रशियन लघुरूप. कृपया प्लास्टिकमधून काढून, चारही कडांसकट, पुढून आणि मागून फोटो पाठवा. मागची डिंकाची बाजू आम्हाला पुढच्याइतकीच लागते.

"सेट अपुरा आला" हीही एक नेहमीची शंका. युक्रेनची लोकपोशाख मालिका 2001 पासून टप्प्याटप्प्याने निघाली, दर वेळी थोडेच प्रांत. त्यामुळे पोल्ताव्हाचा पोशाख एका वर्षी, दुसऱ्या प्रांताचा पुढच्या वर्षी. आम्ही पाकिटावर वर्ष आणि प्रांत दोन्ही लिहितो. अल्बम लावताना प्रांताचा क्रम धरा, पोशाखातला फरक लगेच नजरेत भरतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत अडकलेल्या युक्रेनी निर्वासितांनी तिकिटांसारखी दिसणारी लेबलंही छापली. देखणी आहेत, इतिहास म्हणून मोलाची आहेत, पण कुठल्याही देशाच्या टपाल खात्याची तिकिटं नव्हेत. ती आम्ही वेगळ्या खोक्यात, वेगळ्या किमतीला ठेवतो आणि बिलावर "लेबल" असंच लिहितो. प्रदर्शनात मांडणार असाल तर आधी विचारा, तिथे त्यांना सहसा जागा मिळत नाही.

मागणी नोंदवताना देश, वर्ष आणि कोरं की शिक्क्याचं, एवढं लिहा. दोन्ही देशांची शताब्दी तिकिटं आणि पोशाख मालिकेतले सध्या हाती असलेले प्रांत एकत्र घेणाऱ्यांना पारदर्शक कप्प्यांचं पान आमच्याकडून.